वर येण्याची घाई

द्वितीय वर्ष, कला

'स्कूबा' हा शब्द गेल्या डिसेंबरपर्यंत आमच्या घरात कोणी उच्चारला नव्हता. मारुंजीसारख्या गावात त्याची गरजही पडली नव्हती. आमच्यासाठी पाणी म्हणजे विहिरीचे, ओढ्याचे आणि पावसाळ्यात भाताच्या खाचरातले. आता खाचरांच्या जागी उंच इमारती उभ्या आहेत आणि हिंजवडीला जाणाऱ्या मोटारींची रांग आमच्या दारावरून सरकते. पण आमची विहीर अजून आहे. बाबांनी पाठीला डबा बांधून मला तिच्यात पोहायला शिकवले. भावकीत पोहता येणारी मुलगी मी एकटीच! त्यामुळे भूगोल विभागाची अभ्यास-सहल सिंधुदुर्ग जिल्ह्यात गेली आणि मालवणला मोकळ्या वेळात 'समुद्राच्या तळाशी जाऊन मासे बघायचे का?' असा प्रश्न निघाला, तेव्हा सर्वांत आधी माझा हात वर गेला. आईच्या दोन दिवसांच्या मजुरीइतके पैसे त्यात जाणार होते. ते मी सहलीच्या खाऊतून वाचवले.

त्या वीस मिनिटांत जे घडले त्याविषयी आणि त्यानंतर मी जे वाचले त्याविषयी हा लेख आहे. लेखाचा कच्चा मसुदा वाचून आमच्या एका प्राध्यापकांनी विचारले, "कला शाखेच्या विद्यार्थिनीने हा विषय का घ्यावा?" एक मैत्रीण म्हणाली, "हे सगळे पैसेवाल्यांचे चोचले. आपल्याला काय त्याचे?" दोन्ही प्रश्न रास्त आहेत. त्यांचे उत्तर शेवटी आपोआप मिळेल असे वाटते.

प्रथम घडले ते सांगते. पाण्यात उतरण्यापूर्वी आम्हाला एक छापील कागद सहीसाठी देण्यात आला. तो दोन पानी होता, बारीक अक्षरात होता आणि इंग्रजीत होता. रांग मोठी होती. "सही करा, पुढे चला," असे कोणीतरी म्हणत होते. मी सही केली. वाचकहो, न वाचता सही करण्याची परंपरा आमच्या घराण्यात जुनी आहे. आमच्या आजोबांनी जमिनीच्या कागदावर अंगठा उठवला तेव्हा त्यांनाही असेच 'पुढे चला' म्हणण्यात आले होते. त्यांना वाचता येत नव्हते. मला वाचता येत होते, तरी मी वाचले नाही. घराण्यातली पहिली कॉलेजकन्या म्हणून ज्या मुलीचे कौतुक होते, तिने हे करावे याची मला आजही लाज वाटते.

सूचना दोन मिनिटांत आटोपल्या. त्याही पाण्याच्या आणि इंजिनाच्या आवाजात. माझ्याबरोबर उतरणारा मुलगा माझ्याहून फार तर दोन-तीन वर्षांनी मोठा असेल. "खयसून इलास?" असे त्याने विचारले. मारुंजी त्याला माहीत नव्हते, हिंजवडी माहीत होते. तोंडात नळी देण्यापूर्वी तो एवढेच म्हणाला, "ताई, दम धरू नको हां. श्वास घेत रव, सोडत रव."

चार-पाच मीटर खाली गेलो असू. मासे दिसले, हिरवा उजेड दिसला. मग नाकावरच्या काचेत थोडे पाणी शिरले आणि माझी भीतीने गाळण उडाली. विहिरीत पोहणाऱ्या माणसाला एकच गोष्ट ठाऊक असते : घाबरलो की श्वास कोंडायचा आणि पायाने रेटा देऊन वर यायचे. मी तेच केले. पण त्या मुलाने माझ्या पाठीवरचा पट्टा घट्ट धरला, डोळ्यांपुढे हात आणून 'सोड, सोड' अशी खूण केली आणि माझ्या तोंडातून बुडबुडे निघू लागेपर्यंत मला वर जाऊ दिले नाही. त्या क्षणी मला त्याचा राग आला. तो मला बुडवतो आहे असेच वाटले. खरे म्हणजे तो माझा जीव वाचवत होता, हे मला पुण्याला परतल्यावर ग्रंथालयात कळले.

कसे, ते पाहू. पाण्यात दर दहा मीटर खोलीला एका वातावरणाइतका दाब वाढतो. पृष्ठभागावर एक, दहा मीटरवर दोन, वीस मीटरवर तीन. पाठीवरच्या सिलिंडरमध्ये पुष्कळांना वाटतो तसा निव्वळ ऑक्सिजन नसतो, बहुधा आपली साधी हवाच दाबून भरलेली असते. नळीतून ती भोवतालच्या दाबाने मिळते. म्हणजे दहा मीटरवर छातीभर घेतलेला श्वास पृष्ठभागावर येईतो दुप्पट जागा मागतो. तोंड उघडे असेल तर जादा हवा निघून जाते. श्वास कोंडलेला असेल तर ती फुप्फुस फाडून रक्तात शिरते आणि तिचे बुडबुडे मेंदूपर्यंत जाऊ शकतात. ही इजा जेमतेम सव्वा-दीड मीटरवरूनही होऊ शकते. विहिरीत हा धोका नव्हता, कारण तिथे आपण वरची हवा छातीत घेऊन खाली जातो. ती खाली आकसते आणि वर येताना मूळच्या मापाला येते. खाली दाबाची हवा घेतली की हिशेब पालटतो. माझे विहिरीतले शहाणपणच मला मारणार होते!

ही झाली पहिली गोष्ट. दुसरी अधिक संथ आणि अधिक फसवी आहे. हवेत ७८ टक्के नायट्रोजन असतो. जमिनीवर तो श्वासाबरोबर आत जातो, बाहेर येतो, शरीराला त्याचे काही देणेघेणे नसते. पण दाबाखाली तो रक्तात व मांसात विरघळू लागतो. जितके खोल आणि जितका वेळ, तितका जास्त. आपली गोटी-सोड्याची बाटली आठवा. गोटी खाली ढकलली की फस्सकन् फेस येतो. बाटलीत दाबाने विरघळलेला वायू दाब जाताच बुडबुडे होऊन सुटतो. पाणबुड्या घाईने वर आला तर त्याच्या रक्ताचे तसेच होते. सांधे दुखतात, कातडीला खाज सुटते, हातपाय बधिर होतात आणि पाठीच्या कण्यात बुडबुडे अडकले तर माणूस कायमचा पांगळा होऊ शकतो. इंग्रजीत याला 'बेंड्स' म्हणतात.

यावर उपाय काय? यंत्र नाही, औषध नाही, थांबणे. हळूहळू वर यायचे, मिनिटाला नऊ-दहा मीटरपेक्षा वेगाने नाही. आणि पृष्ठभाग पाच मीटरवर दिसत असताना तिथेच तीन मिनिटे तरंगत राहायचे. याला 'सेफ्टी स्टॉप' म्हणतात. आपण सावधगिरीचा थांबा म्हणू. त्या वेळात विरघळलेला नायट्रोजन श्वासावाटे निघून जातो. पाच मीटरवरच का? कारण दाबाचे प्रमाण सर्वांत झपाट्याने बदलते ते शेवटच्या दहा मीटरांत. तीस मीटरवरून वीसवर येताना दाब चाराचा तीन होतो. दहावरून वर येताना दोनाचा एक, म्हणजे थेट निम्मा. धोका तळाशी कमी आणि काठाशी जास्त असतो.

येथे एक भेद ध्यानात घ्यावा. किती खोलीवर किती वेळ राहिले तर थांबे न घेता वर येता येते, याचे तक्ते आहेत. 'पॅडी' या संस्थेच्या तक्त्यात ही मर्यादा दहा मीटरला २१९ मिनिटे, वीस मीटरला ४५ आणि तीस मीटरला फक्त २० मिनिटे आहे. ही मर्यादा ओलांडली तर ठराविक खोलीवर ठराविक वेळ थांबणे सक्तीचे होते. तो विसंपीडनाचा थांबा. हौशी पाणबुड्याने तिथपर्यंत जाऊच नये, असा संकेत आहे. सावधगिरीचा थांबा मात्र मर्यादेच्या आत असतानाही घ्यायचा असतो. तो सक्तीचा नाही. सिलिंडरमधली हवा संपत आली असेल किंवा सोबत्याचा जीव धोक्यात असेल तर तो सोडून सरळ वर यावे असेच शिकवतात. म्हणजे हा काही सोवळ्याओवळ्याचा नियम नव्हे. त्यामागे पुरावा आहे. १९७६ मध्ये अमेरिकेत अँड्र्यू पिल्मॅनिस यांनी तीस मीटरच्या बुडीनंतर पाणबुड्यांच्या रक्तातले बुडबुडे डॉप्लर यंत्राने ऐकले. तीन मीटरवर अवघी दोन मिनिटे थांबलेल्यांच्या रक्तात ते पुष्कळच कमी झालेले आढळले. उलट फार खोलवरचे थांबे अधिक उपकारक असतील या समजुतीची अमेरिकी नौदलाच्या संशोधकांनी कसून तपासणी केली, आणि २०११ च्या त्यांच्या अहवालात ती टिकली नाही. थांबण्यालाही शास्त्र आहे, ते असे.

आता मैत्रिणीच्या प्रश्नाकडे वळते. हे श्रीमंतांचे चोचले आहेत काय? आज श्रीमंत पर्यटकाच्या मनगटावर संगणक-घड्याळ असते आणि किती मिनिटे थांबायचे ते त्याला सांगते. पण त्या घड्याळातले ज्ञान आले कोठून? ते मजुरांच्या शरीरांतून आले. एकोणिसाव्या शतकात नदीच्या तळाशी पुलाचे पाये घेण्यासाठी मोठ्या पेट्या बुडवीत, पाणी बाहेर रोखण्यासाठी त्यांत दाबाची हवा भरीत आणि आत मजूर खोदकाम करीत. पाळी संपली की मजूर घाईने बाहेर पडत, आणि घरी जाता जाता वाकडे होऊन कोसळत. अमेरिकेत सेंट लुईसच्या ईड्स पुलाच्या कामावर १८७० च्या सुमारास डझनाहून अधिक माणसे अशी मेली. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन पुलावर खुद्द मुख्य अभियंता वॉशिंग्टन रोब्लिंग १८७२ मध्ये या रोगाने अंथरुणाला खिळला. पुढे त्याची पत्नी एमिली हिने गणित व बांधकामशास्त्र शिकून कामावर देखरेख ठेवली आणि १८८३ मध्ये पूल पुरा झाला. हडसन नदीखालच्या बोगद्यात तर वर्षाला चार मजुरांत एक दगावत होता. १८८९ च्या सुमारास अर्नेस्ट मॉयर या अभियंत्याने आजारी मजुराला पुन्हा दाबात ठेवून सावकाश दाब उतरवण्याची खोली बसवली, तेव्हा मृत्यू एकदम कमी झाले.

१८७८ मध्ये पॉल बर्ट या फ्रेंच शास्त्रज्ञाने हे नायट्रोजनचे बुडबुडे असल्याचे दाखवले. १९०८ मध्ये ब्रिटनचे जे. एस. हॉल्डेन व त्यांचे सहकारी यांनी बकऱ्यांवर प्रयोग करून टप्प्याटप्प्याने वर येण्याचे पहिले तक्ते प्रसिद्ध केले. आपल्याकडेही हावड्याच्या पुलाचा कलकत्त्याकडील पाया घेताना मजूर असेच दाबाच्या हवेत उतरले होते. तो पूल ओलांडताना त्यांची आठवण कोणाला होत असेल?

'हे जुने झाले' असे कोणी म्हणेल. मग होंडुरासच्या किनाऱ्यावरील मिस्किटो जमातीचे पाहा. शेवंडी पकडण्यासाठी हे लोक दिवसातून अनेक वेळा खोल बुड्या मारत. ना शिक्षण, ना तक्ते, ना धड साधने. शेकडो माणसे पांगळी झाली. २०२१ मध्ये आंतर-अमेरिकी मानवी हक्क न्यायालयाने होंडुरास सरकारला त्याबद्दल जबाबदार धरले. ती शेवंडी परदेशी हॉटेलांतील ताटांत जात होती. तेव्हा चोचले कोणाचे आणि पाय कोणाचे, याचा हिशेब मैत्रिणीनेच करावा.

आणि आता मालवण. येथे मला अतिशयोक्ती करायची नाही. पर्यटकाला एकदा पाच-सात मीटरवर वीस मिनिटे नेतात, त्यात नायट्रोजनचे भय फार थोडे आहे. त्याला धोका आहे तो श्वास कोंडण्याचा, कानाच्या पडद्याचा, आणि पाण्याखाली जाण्याआधीच बोटीचा. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ पर्यटकांची बोट उलटून दोघांचा मृत्यू झाला, हे आपण विसरू नये. पण वर आल्यावर मी त्या मुलाला विचारले, "दादा, तुम्हाला भीती नाही वाटत?" तो हसून म्हणाला, "तुमी एकदा जातास. आमका दिसाक धा येळा जावचा लागता." त्या वेळी मला हे वाक्य फुशारकीचे वाटले. आता ते माझ्या डोक्यातून जात नाही. दहा वेळा खाली म्हणजे दहा वेळा वर. आधीच्या बुडीचा नायट्रोजन पुरता गेलेला नसताना पुढची बुडी. पुन्हापुन्हा वरखाली करणे पाणबुडीशास्त्रात वाईटच मानतात. खोली कमी आहे म्हणून आज निभावत असेल. पण त्याच्या दिवसभराच्या बुड्यांची वही कोण ठेवतो? संध्याकाळी खांदा दुखला तर तो 'सिलिंडर उचलून दुखला' असे म्हणून तेल चोळत असेल, तर त्याला कोण सांगणार की हा बुडबुडाही असू शकेल?

शिवाय खोली कमीच राहील असे थोडेच आहे? निवृत्त झालेली 'आयएनएस गुलदार' ही युद्धनौका निवती खडकाजवळ बुडवून पाण्याखालचे संग्रहालय करण्याची योजना २०२५ मध्ये पुढे आली. अशी जागा वीस मीटरच्या आसपास असते. विजयदुर्गच्या पश्चिमेला शंभराहून अधिक किलोमीटरवर आंग्रिया बँक हे पाण्याखालचे प्रवाळ-पठार आहे. त्याचा माथाच सुमारे वीस मीटर खोल. तेथे पर्यटक उतरू लागतील तेव्हा पाच मीटरवरची तीन मिनिटे हा शोभेचा प्रश्न राहणार नाही. आणि गर्दीच्या मोसमात काठावर रांग उभी असताना, ही तीन मिनिटे प्रथम कोणाची कापली जातील? पैसे भरलेल्या पाहुण्याची की त्याला नेणाऱ्या मुलाची?

एक गोष्ट खास आपल्यासाठी, म्हणजे घाटावरच्या लोकांसाठी. बुडीनंतर लगेच उंचावर जाऊ नये, कारण तिथे हवेचा दाब आणखी कमी होतो. म्हणून विमानात बसण्यापूर्वी एका बुडीनंतर किमान १२ तास आणि अनेक बुड्यांनंतर किमान १८ तास जाऊ द्यावेत, अशी शिफारस आहे. सुमारे ६०० मीटरपेक्षा उंच चढणे हेही तसेच मोजतात. आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे सातशे मीटरवर आहे! आमची बस बुडीनंतर चार तासांत आंबोली घाट चढत होती आणि आम्ही मागच्या बाकांवर भेंड्या खेळत होतो. बुडी उथळ व लहान होती, काही झाले नाही. पण 'परत केव्हा आणि कोणत्या रस्त्याने जाणार?' हा एक प्रश्न विचारायला कोणाचे काय जात होते?

माझे म्हणणे थोडक्यात असे. बुडी मारणे बंद करा, असे मी म्हणत नाही. किनाऱ्यावरच्या पोरांच्या हाताला त्यामुळे काम आहे, तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचे प्रशिक्षण केंद्रही आहे. ते काम जपायचे तर काही गोष्टी झाल्याच पाहिजेत. सहीचा कागद मराठीत हवा, आणि तो मोठ्याने वाचून दाखवावा. 'श्वास कोंडू नका' हा नियम काठावर, नळी तोंडात घालून, करवून घ्यावा. प्रत्येक मार्गदर्शकाच्या बुड्यांची, खोलीची व वेळेची वही ठेवावी आणि दिवसाची मर्यादा ठरवावी. बोटीवर ऑक्सिजन असावा. त्रास झालेल्याला आडवे झोपवून तो देणे हाच पहिला उपचार आहे, पुन्हा पाण्यात उतरवणे नव्हे. दाब-खोली असलेले जवळचे रुग्णालय कोणते, तिथे कसे न्यायचे, हे फलकावर लिहिलेले असावे. आणि जिथे खोल बुडी आहे तिथे त्या तीन मिनिटांचे पैसे तिकिटातच धरावेत, म्हणजे ती कोणी कापणार नाही. आपल्या महाविद्यालयानेही सहलीच्या परवानगीपत्रात दोन ओळी वाढवाव्यात : बुडी कधी, आणि घाट कधी.

प्राध्यापकांच्या प्रश्नाचे उत्तर आता देता येईल असे वाटते. कागद कोणत्या भाषेत असावा, मजुराच्या अंगावर कोणाचे ज्ञान उभे आहे, घाई कोणाच्या फायद्याची असते, हे प्रश्न कला शाखेचे नाहीत तर कोणत्या शाखेचे?

बाबा चाकणच्या एका कारखान्यात काम करतात. सगळे वाचून झाल्यावर मी त्यांना हा दाबाचा हिशेब समजावून सांगू लागले. मला वाटले, त्यांना हे अवघड जाईल. त्यांनी शांतपणे ऐकले आणि म्हणाले, "आमच्याकडे कॉम्प्रेसरची टाकी असते. तिची हवा सोडायची तर कॉक हळूहळू फिरवायचा, एकदम नाही. हे आम्हाला पहिल्याच दिवशी शिकवतात." मग थोडा वेळ थांबून त्यांनी विचारले, "तुम्हाला पाण्यात सोडायच्या आधी नाही शिकवलं?"

माझ्याजवळ उत्तर नव्हते. म्हणून हा लेख.